एचएमटी धान आणि सांदवाडीतलं गाजर

सांदवाडीत आपण दिवाळीच्या सुमारास संकरित गाजर पेरतो. मुळं एकसारखी, गोड येतात. मग घरात कुणीतरी विचारतंच, याचंच बी धरलं तर? बी धरण्याचा मोठा इतिहास आपल्याच भागात घडला आहे.

नागभीड तालुक्यातलं नांदेड हे गाव. तिथले दादाजी खोब्रागडे थोडंच शिकलेले, जमीन दीड एकर. १९८३ साली बांधीतल्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षं निवडून पेरल्या. त्यातून बारीक तांदळाचं वाण निघालं. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ नाव पडलं.

गाजरात हे का साधत नाही? धानाचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणून निवडलेला गुण टिकतो. गाजराचे पराग माशा-मधमाश्या इकडून तिकडे नेतात. त्यात संकरित गाजराचे मायबाप दोन वेगळ्या वाणांचे. पुढची पिढी एकसारखी निघत नाही. म्हणून दरवर्षी दुकान गाठावं लागतं.

संकरित बियाणं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. पण नुसतं पाकीट फोडत राहिलं तर वेगळी लोंबी ओळखणारी नजर जाते. एचएमटीनं बाजारपेठ मिळवली. दादाजी मात्र ३ जून २०१८ रोजी हलाखीतच गेले. वाण नोंदवण्याचा हक्क शेतकऱ्याला २००१ च्या कायद्यानं दिला आहे. तो वापरायला आधी बी धरणारे हात हवेत. तेव्हा गाजराशेजारी गावरान वालाची एक ओळ लावा, आणि तिचं बी घरीच धरा.