पेनीपेनीने जमवलेला नाताळ

चार्ल्स डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या १८४३ सालच्या पुस्तकात बॉब क्रॅचिट हा कारकून आठवड्याला १५ शिलिंग पगारावर आठ जणांचं कुटुंब पोसतो. तरीही नाताळच्या दिवशी त्याच्या ताटात गूस येतो. गूस म्हणजे पाळीव हंस, बदकापेक्षा मोठा, चरबीदार पक्षी. क्रॅचिटांच्या घरी तो भाजता येईल अशी भट्टी नाही, म्हणून तो पावाच्या भट्टीवर भाजून आणतात. लंडनमधल्या हजारो गरीब घरांची तीच रीत होती. तो पक्षी पाहून पोरांना किती आनंद झाला ते डिकन्सने मन लावून लिहिलं, पण त्याचे पैसे आले कुठून हे त्याने सांगितलं नाही. ज्या घरात शनिवारचा पगार पुढच्या शुक्रवारपर्यंत कसाबसा पुरतो, त्या घरात एका दिवसासाठी एकरकमी एवढा खर्च कसा जमतो? इंग्लंडच्या कष्टकरी माणसांनी या प्रश्नाला दीडशे वर्षांहून अधिक काळ जे उत्तर दिलं, त्याचा इतिहास नीट पाहिला तर गरिबांच्या उधळेपणाविषयीचा एक जुना समज टिकत नाही. ही माणसं बचत करत होती, तीही विचारपूर्वक आणि चोख हिशेबाने. त्यांच्याकडे काटकसर कमी नव्हती. ते पैसे सांभाळणाऱ्यावर कायद्याचा धाक नव्हता, उणीव होती ती तिथे.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्लीबोळांतल्या दारूच्या गुत्त्यांत ‘गूस क्लब’ चालत. उन्हाळा सरता सरता नावनोंदणी व्हायची. सभासद दर आठवड्याला काही पेनी गुत्तेवाल्याकडे भरायचे, तो वहीत नोंद करायचा, आणि नाताळच्या आधी प्रत्येकाला एक गूस मिळायचा. बऱ्याच ठिकाणी सोबत जिनची एखादी बाटलीही असायची. आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकून भिशी आठवेल, पण एक फरक आहे. भिशीत दर महिन्याला एकेकाची पाळी येते. इथे सगळ्यांची पाळी एकाच दिवशी यायची. म्हणून चाळीत किंवा कारखान्यात चालणारा दिवाळी फंड हे जवळचं उदाहरण. ही पद्धत किती रुळलेली होती याचा पुरावा शेरलॉक होम्सच्या कथेतही सापडतो. ‘द ब्लू कार्बंकल’ ही कथा जानेवारी १८९२ मध्ये छापून आली. तिचं सगळं रहस्य ब्रिटिश म्युझियमजवळच्या एका गुत्त्यातल्या गूस क्लबने वाटलेल्या पक्ष्याभोवती फिरतं. गूस क्लब म्हणजे काय हे कॉनन डॉइलला वाचकांना लांबण लावून समजवावं लागलं नाही, पात्राच्या बोलण्यातलं एक वाक्य पुरलं.    

आता पहिला आक्षेप घेऊ. तो त्या काळीही घेतला जायचा आणि आजही घेतला जातो: एवढंच करायचं होतं तर पैसे बँकेत का ठेवले नाहीत? सोय तर होती. ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू झाली. तिच्यात एक शिलिंगापासून खातं उघडता येई, व्याज अडीच टक्के मिळे आणि मागे सरकारची हमी असे. शिलिंगही जड जातो हे लक्षात आल्यावर १८८० मध्ये एका कागदावर पेनीची बारा तिकिटं चिकटवून तो कागद भरण्याची सवलत आली. वरवर पाहता यापुढे गुत्तेवाल्याची वही म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण जरा आकडेमोड करून पाहावी. पोस्टाचं व्याज पूर्ण पौंडावरच मिळे, पौंडामागे वर्षाला सहा पेनी. पौंड म्हणजे वीस शिलिंग. आठवड्याला सहा पेनी याप्रमाणे वीस आठवडे पैसे भरणाऱ्या बाईचे जमतात दहा शिलिंग, म्हणजे अर्धा पौंड. तिला व्याज किती? काहीच नाही. ज्या व्याजावर पाणी सोडलं म्हणून तिला मूर्ख ठरवलं गेलं, ते तिला मिळणारच नव्हतं. त्या बदल्यात तिला क्लबकडून जे मिळत होतं ते बँक देत नव्हती: पैशाला लागलेलं कुलूप.

या कुलपाचं मोल समजायला त्या घरांचे जमाखर्च पाहावे लागतात. मॉड पेंबर रीव्हज आणि फेबियन विमेन्स ग्रुपच्या बायकांनी १९०९ ते १९१३ या काळात लंडनच्या लँबेथ भागातल्या मजुरांच्या बायकांचे आठवड्याआठवड्याचे हिशेब टिपले. ‘राउंड अबाउट अ पाउंड अ वीक’ हे पुस्तक त्यातूनच १९१३ मध्ये निघालं. आठवड्याला एक पौंडाच्या आसपासची कमाई, त्यात घरभाडं, कोळसा, मुलांच्या मयतीसाठी काढलेला पेनीपेनीचा विमा, आणि उरलेल्यात सगळ्यांचं पोट. अशा घरात मोकळा पैसा टिकत नाही. दारू-जुगार नसला तरी टिकत नाही, कारण त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या गोष्टी रोज दाराशी उभ्या असतात: मुलाचा ताप, फाटलेला बूट, भाड्याची थकबाकी. जी आई पैसे असूनही पोराला बूट न घेता ते नाताळसाठी राखून ठेवते, तिच्यावर कठोरपणाचा शिक्का बसतो. पण जी सांगू शकते की पैसे क्लबात गुंतलेत, डिसेंबरशिवाय निघायचे नाहीत, तिची सुटका होते; नवऱ्यापुढे, शेजारणीपुढे आणि स्वतःच्या मनापुढेही. गरिबांच्या बचतीच्या संस्था जवळपास सगळ्या अशाच घडल्या आहेत. त्यांत पैसे टाकणं सोपं आणि काढणं अवघड असतं, आणि दर आठवड्याला कोणीतरी ओळखीचं माणूस हप्ता मागायला येतं. सुखवस्तू सल्लागारांना हा दोष वाटला. सभासदांच्या दृष्टीने तोच मुख्य गुण होता.

दुसरा आक्षेप दारूबंदीवाल्यांचा, आणि तो पोकळ नव्हता. गुत्तेवाला काही धर्मादाय करत नव्हता. हप्ता भरायला आलेला माणूस कोरडा परतत नसे, म्हणजे क्लबच्या निमित्ताने त्याची विक्री आपोआप वाढे. हे खरंच आहे, आणि कितीतरी घरांत हप्त्याहून जास्त पैसे त्याच खेपेला प्याल्यात गेले असतील. तरीही माणसं तिथेच का जात होती हे विचारायला हवं. त्या वस्तीत ऊब असलेली, दिवा असलेली आणि कामावरून सुटल्यावर उघडी असलेली सार्वजनिक जागा तीच. शिवाय गुत्तेवाल्याचा परवाना आणि धंदा त्याच गल्लीत अडकलेला असे. पक्षी दिला नाही तर दुसऱ्या दिवशी त्याला दुकान उघडणं मुश्कील. ही हमी कुठल्याही कागदावर नव्हती, पण ती खरी होती. ‘स्लेट क्लब’ पाहिले की ते कळतं. हिशेब पाटीवर लिहीत म्हणून हे नाव पडलं. तिथे वर्षभर वर्गणी घ्यायची, त्यातून आजारी सभासदाला मदत करायची आणि उरलेली रक्कम नाताळच्या आधी सर्वांत वाटायची, असा रिवाज. वाटपाच्या तोंडावर खजिनदार पैसे घेऊन परागंदा झाला, अशा बातम्या डिसेंबरच्या वर्तमानपत्रांत वारंवार येत. ज्याचं त्या गल्लीत अडकलेलं काही नाही अशा माणसाच्या हाती पेटी गेली की धोका वाढे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत अन्यायकारक वाटतो: परवडत नाही तर सण करायचाच कशाला? याचं उत्तर देताना आधी एक आर्थिक गोष्ट. रोजंदारीवाल्याला सणाची सुट्टी म्हणजे बुडालेला रोज. १८७१ च्या कायद्याने नाताळच्या दुसऱ्या दिवशीही इंग्लंडमधल्या बँकांना सुट्टी मिळाली आणि हळूहळू तो दिवस सर्वांच्याच सुट्टीचा झाला. पण पगारी सुट्टीचा कायदा यायला १९३८ साल उजाडलं. मधल्या काळात नाताळ आला की खर्च वाढे आणि त्याच आठवड्यात कमाई घटे. म्हणजे क्लबचे पैसे चैनीसाठीच असत असं नाही, त्या लंगड्या आठवड्याची भरपाईही त्यातून होई. दुसरी गोष्ट मानाची. १८३४ च्या गरीब-कायद्यानंतर निराधाराला मदत हवी तर अनेकदा वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी अनाथगृहासारख्या कोंडवाड्यात, जावं लागे. पुढे तिथेही नाताळचं गोडधोड जेवण वाढलं जाऊ लागलं आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी ते पाहायला येऊ लागली. जॉर्ज आर. सिम्सने १८७७ मध्ये एक कविता लिहिली, ती इंग्लंडभर गाजली. तिच्यातला म्हातारा हे जेवण नाकारतो, कारण आदल्या नाताळला त्याची बायको उपाशी मेली तेव्हा याच लोकांनी घरी भाकरी द्यायला नकार दिला होता. दान म्हणून वाढलेला गूस आणि आपल्या पेन्यांनी आणलेला गूस यांची चव एक नसते हे क्लबात पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. वर्षभर ज्यांना काटछाट करावी लागते त्यांनी सणाच्या दिवशीही ती करावी, हा उपदेश देणाऱ्यांनी स्वतःच्या घरी कधी पाळला नाही.

विसाव्या शतकात हीच कल्पना मोठी झाली. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या कार्लाइल गावी एका बँकेने १९०९ मध्ये नाताळसाठी खास बचत-खाती सुरू केली आणि ती प्रथा देशभर गेली. तिथे कुलूप आणि बँक दोन्ही एकत्र आली. ब्रिटनमध्ये वाट वेगळी निघाली. १९६० च्या दशकात खाटकांच्या दुकानांतल्या नाताळ क्लबांमधून ‘हॅम्पर’ विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. हॅम्पर म्हणजे सणाच्या जिन्नसांची भरलेली टोपली. पुढे टोपलीच्या जागी दुकानांची व्हाउचरं आली. वस्तीतलीच एखादी बाई एजंट व्हायची, बहिणी, शेजारणी, कामावरच्या मैत्रिणी यांच्याकडून दर आठवड्याला पैसे गोळा करून कंपनीला पाठवायची. वरून सगळं जुनंच वाटत होतं: तोच हप्ता, तेच कुलूप, तोच ओळखीचा चेहरा. पण पेटीची किल्ली आता गल्लीत नव्हती. ओळखीच्या चेहऱ्यावरचा विश्वास एका दूरच्या कंपनीच्या ताळेबंदात जमा होत होता, आणि त्या ताळेबंदात काय चाललंय हे पाहण्याची सोय ना त्या एजंट बाईला होती ना तिच्या शेजारणीला.

१३ ऑक्टोबर २००६ रोजी, नाताळला दहा आठवडे उरले असताना, या हॅम्पर विकणाऱ्या कंपन्यांपैकी फेअरपॅक ही कंपनी बुडाली. एक लाखाहून अधिक कुटुंबांचे मिळून चार कोटी पौंडांच्या आसपास पैसे अडकले. एका घरामागे सरासरी सुमारे ४०० पौंड. हे पैसे वेगळे काढून ठेवलेलेच नव्हते, धंद्याच्या पैशात मिसळलेले होते. कायद्याच्या नजरेत या बायका ठेवीदार नव्हत्याच. मालाचे पैसे आगाऊ देणारी गिऱ्हाइकं म्हणून त्या विनातारण धनकोंच्या, म्हणजे शेवटच्या, रांगेत गेल्या. एजंट बायकांना तर दुहेरी मार बसला, कारण शेजारणीने पैसे कंपनीच्या नव्हे, त्यांच्या हातात दिले होते. त्याच वर्षी त्याच देशात बँकेतल्या ठेवीला पहिल्या २,००० पौंडांपर्यंत पूर्ण आणि पुढच्या ३३,००० पौंडांवर ९० टक्के संरक्षण होतं. वर्षही उलटलं नाही तोच, सप्टेंबर २००७ मध्ये, नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर ठेवीदारांच्या रांगा लागल्या. पहिल्या रांगेनंतर तीन दिवसांनी अर्थमंत्र्यांनी त्या बँकेतल्या सगळ्या ठेवींची हमी जाहीर केली. फेअरपॅकच्या बायकांना धर्मादाय निधीतून नाताळपुरती थोडी व्हाउचरं मिळाली. फेअरपॅकला कर्ज देणाऱ्या बँकेच्या मालकांनी २०१२ मध्ये ८० लाख पौंड घातल्यानंतर कुठे एकूण वसुली पौंडामागे निम्म्याच्या घरात पोचली.

तेव्हाही जुनाच सूर लागला की व्याजसुद्धा न देणाऱ्या योजनेत पैसे ठेवायला कोणी सांगितलं होतं. वर केलेला हिशेब इथेही लागू पडतो. ४०० पौंड वर्षभरात थोडेथोडे साठवणाऱ्याला बँकेने दिलं असतं ते व्याज दहा पौंडही भरलं नसतं, आणि बँकेतला पैसा एटीएमच्या एका खेपेत घराबाहेर जातो. कुलूप हवं असणं हा गुन्हा नाही. पेन्शन निधी वृद्धापकाळापर्यंत पैसे अडकवून ठेवतो तेव्हा आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो, आणि त्याच्या विश्वस्तांना कायद्याने बांधून घेतो. नाताळच्या क्लबसाठी एवढंच हवं होतं: पैसे विश्वस्त खात्यात वेगळे ठेवा, नाहीतर त्यांचा विमा उतरवा. २००७ मध्ये उरलेल्या कंपन्यांनी आपली संघटना करून विश्वस्त खात्यांची शिस्त स्वतःहून घालून घेतली, पण ती ऐच्छिक होती. इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने जुलै २०१६ च्या अहवालात या बचत योजनांवर कायद्याने नियंत्रण आणावं अशी शिफारस केली. सभासदांचे पैसे विश्वस्त खात्यात किंवा विम्याखाली ठेवण्याची सक्ती करणारी कलमं ब्रिटिश संसदेने मंजूर केली ती २०२४ च्या ग्राहक कायद्यात, फेअरपॅक बुडाल्यानंतर अठरा वर्षांनी.