रेडी

महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाचे किनारी गाव, लहान बंदर आणि लोहखनिजाचे जुने केंद्र. वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस सुमारे २५ किमी. उत्तरेला शिरोडे, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला तेरेखोल नदीची खाडी. खाडीपलीकडे गोव्याचा पेडणे तालुका लागतो. मात्र तेरेखोल हे गोव्याचे गाव नदीच्या अलीकडे, रेडीला लागून आहे. त्यामुळे तिथे गाडीरस्त्याने जायचे तर रेडीवरूनच जावे लागते. गोव्यातून येणारे केरी येथून फेरीबोटीने नदी ओलांडतात.

भूरचना व खनिज : गावाची जमीन जांभ्याची. वरच्या कठीण थराखाली अतिप्राचीन लोहयुक्त खडक असून उष्ण, दमट हवेत युगानुयुगे झिजून त्याचे हेमॅटाइट व लिमोनाइट हे खनिज साचले. रेडीच्या खनिजात ॲल्युमिनाचे प्रमाण जास्त, आणि भुकटीचा भागही बराच. त्यामुळे देशी पोलाद कारखान्यांपेक्षा परदेशी गिऱ्हाइकांवरच इथल्या खाणी मुख्यतः चालल्या.

खाण व बंदर : स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत रेडीत मोठ्या प्रमाणावर उघड्या खाणी सुरू झाल्या. बेळगावचे उद्योजक रावसाहेब गोगटे यांच्या उद्योगसमूहाचे नाव या व्यवसायाशी जोडलेले आहे. खाणी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, हे रेडीचे वैशिष्ट्य. डोंगर फोडायचा, माल डंपरने धक्क्यावर आणायचा, तिथून बार्जमध्ये भरून खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजावर चढवायचा, असा इथला क्रम. पावसाळ्यात दर्या खवळला की भरणी बंद, म्हणून मालाची सारी घाई दिवाळी ते मे या हंगामात. चीनच्या मागणीमुळे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हलक्या प्रतीच्या मालालाही भाव आला. गावात कच्चे लोखंड बनवणारा उषा इस्पातचा कारखाना उभा राहिला. पुढे तो टाटा मेटॅलिक्सकडे गेला आणि २०१२ च्या सुमारास बंद पडला.

खाणीने गावाला ट्रक दिले, मजुरी दिली, बाजारपेठ दिली. त्याची किंमतही गावानेच मोजली. मातीच्या ढिगाऱ्यांवरून पावसात वाहून येणारा गाळ शेतात आणि ओहोळांत उतरतो. वाहतुकीच्या दिवसांत रस्त्याकडेच्या माडांच्या झावळ्या आणि काजूची पाने तांबडी पडलेली दिसतात. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात सिंधुदुर्गातील संवेदनशील भागांत खाणींना नवे परवाने देऊ नयेत अशी शिफारस केली. जिल्ह्यातला हा वाद अजून मिटलेला नाही.

इतिहास : बदामीच्या चालुक्यांच्या काळातील रेवतीद्वीप म्हणजे रेडी, असे अनेक अभ्यासक मानतात. चालुक्य राजा मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात आहे. खाडीवर नजर ठेवणारा रेडीचा किल्ला यशवंतगड आदिलशाही, मराठे, सावंतवाडीचे सावंत यांच्या ताब्यात फिरला. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तेरेखोलपाठोपाठ रेडीही घेतले. पुढे ते सावंतांकडे परत आले. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला, खंडणी ठरवून सोडला, आणि १८१९ मध्ये कायमचा घेतला.

प्रेक्षणीय स्थळे : यशवंतगडाची तटबंदी जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. खंदक, एकामागून एक येणारे दरवाजे आणि आतल्या वाड्याच्या कमानी शाबूत आहेत. छपरे गेली आहेत. वडापिंपळाची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून कित्येक ठिकाणी भिंतीला आवळून बसली आहेत. बुरजावरून खाडीचे मुख आणि किनारा दिसतो.

गावची सर्वांत गजबजलेली जागा म्हणजे गणपतीचे देऊळ, आणि ते खाणीतूनच आलेले आहे. १८ एप्रिल १९७६ रोजी खाणीवरच्या एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला, त्याने दाखवलेल्या जागी खोदल्यावर मूर्ती सापडली, अशी गावात सांगितली जाणारी हकिकत. मूर्ती जांभ्याची, दोन हातांची, बसलेली, सुमारे सहा फूट उंच. संकष्टीला सिंधुदुर्गाबरोबरच गोवा आणि बेळगावकडूनही भाविक येतात. ग्रामदेवता माउलीचे देऊळ, स्वयंभू महादेवाचे देऊळ आणि कनयाळे येथील नवदुर्गेचे देऊळ ही गावची इतर देवळे.

परिसर : शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. पुढच्या आरवलीत वेतोबाचे देऊळ आहे; नवसाला त्याला केळ्यांचा घड आणि मोठमोठ्या चामडी वहाणा वाहतात. तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींनी तिरंगा फडकवला. हल्ली तिथे हॉटेल आहे.

जाण्याची सोय : कोकण रेल्वेवरील सावंतवाडी रोड व पेडणे ही जवळची स्थानके, मोपा येथील विमानतळावरून २०२३ पासून वाहतूक सुरू आहे. सावंतवाडी आणि वेंगुर्ल्याहून एस.टी. मिळते. पावसाळ्यात गडावर शेवाळ व झाडोरा माजतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. बंद खाणींचे खड्डे पाण्याने भरलेले असून त्यांचे काठ ठिसूळ आहेत. ते रस्त्यावरूनच पाहावेत, पाण्यात उतरू नये.