दडवण्याची जागा : एका अभ्यासाची ओळख

खुनी माणूस मृतदेह किंवा हत्यार अमुकच ठिकाणी का दडवतो, हा प्रश्न ऐकून अंगावर काटा येणे साहजिक आहे. पण माणूस गेल्याचे कळूनही अंत्यसंस्काराला देह मिळालेला नाही, अशी कितीतरी घरे जगात आहेत. हा अभ्यास मुळात त्यांच्यासाठी आहे.

वाचकांनी सुरुवात इंग्लंडमधल्या सॅडलवर्थच्या माळापासून करावी. मँचेस्टरच्या एका जोडप्याने खून केलेल्या मुलांना तिथे पुरले होते. माळ ओसाड होता, पण त्या दोघांच्या पायाखालचा होता. ती तिथे हौसेने फिरायला जात, फोटो काढत. 1965 मध्ये असाच एक फोटो पोलिसांच्या हाती लागला. कुत्र्याला घेऊन बसलेली ती बाई खाली जमिनीकडे पाहते आहे. मागचे दगड आणि टेकड्यांच्या रेषा जुळवत पोलीस नेमके तिथे पोचले, आणि एका मुलाचा देह सापडला. आणखी एक देह मिळायला 1987 उजाडले. एक मुलगा आजही सापडलेला नाही.

ओळखीच्या जागेची ही ओढ पॉल आणि पॅट्रिशिया ब्रँटिंगहॅम यांनी कॅनडात सिद्धान्तरूपाने मांडली : घर, काम, करमणूक आणि त्यांना जोडणारे रस्ते यांतून मनात जो नकाशा तयार होतो, त्याच नकाशात गुन्हाही घडतो. व्हँकुव्हर पोलिसांतले किम रॉस्मो यांनी 1995 च्या प्रबंधात त्याला गणिताची जोड दिली. घरापासून जसजसे दूर जावे तसतशी गुन्ह्याची शक्यता घटते, पण अगदी दारापाशीही ती कमीच असते. अशा अभ्यासांतले आकडे वाचताना तुम्ही एक सावधगिरी बाळगा : ते उलगडलेल्या गुन्ह्यांवरून आलेले असतात. जे कधीच सापडले नाही, त्याची यांत नोंद नाही. माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत कठीण आणि सर्वांत रंजक काम इथेच आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याची जुनी बैठक आहे. पुरावा कायद्याचे कलम 27, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 23 चे परंतुक, पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही सापडले, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात धरू देते. ‘सापडलेली बाब’ म्हणजे केवळ हस्तगत झालेली वस्तू नव्हे, तर ती जिथून निघाली ती जागा आणि ती आरोपीला ठाऊक असणे, असे प्रिव्ही कौन्सिलने स्वातंत्र्यापूर्वीच सांगितले होते. पुढे महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या ठाऊक असण्याच्या तीन शक्यता मांडल्या : आरोपीने स्वतः दडवले, दुसऱ्याला दडवताना पाहिले, किंवा कुणाकडून ऐकले. तेव्हा आरोपीचे असे निवेदन नोंदवणारा एखादा मेमोरँडम पंचनामा वाचायला मिळाला, तर आरोपी त्या जागी एरवी कशासाठी जात असे, हे आधी शोधा.