सोळा रंगांचा पडदा आणि तीन नुक्ते

आयबीएमने १९८७ साली पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए ही चित्रपद्धती आणली. पुढे अनेक वर्षे घरांतल्या आणि कचेऱ्यांतल्या संगणकांवर तीच चालली. तिच्यात २,६२,१४४ छटा तयार करता येत; पण ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यावर एका वेळी दिसत फक्त १६.

एवढी कंजुषी का? हिशेब करून पाहा. पडद्यावर ३,०७,२०० ठिपके. १६ रंगांतला एक निवडायला अर्धा बाइट लागतो, म्हणजे एकूण १५० किलोबाइट. २५६ रंगांसाठी दुप्पट, ३०० किलोबाइट. व्हीजीएची मेमरी होती २५६ किलोबाइट. रंग त्यात मावतच नव्हते.

मग आहे त्या रंगांत चित्र सुधारायचे कसे? वाट छपाईने आधीच दाखवली होती. वर्तमानपत्रातला फोटो एकाच काळ्या शाईचा असतो, तरी ठिपक्यांच्या दाटी-विरळीमुळे डोळ्याला करडा दिसतो. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली संगणकासाठी एक नामी पद्धत मांडली. करड्या जागी नाइलाजाने पांढरा ठिपका बसवला, तर जास्त झालेला उजेड शेजारच्यांतून वजा करायचा : १६ पैकी ७ भाग उजवीकडच्या ठिपक्यातून, ५ थेट खालच्यातून, ३ खाली डावीकडच्यातून आणि १ खाली उजवीकडच्यातून. चूक पुसली जात नाही, ती वाटून घेतली जाते. मोजक्या रंगांतही आकाश, चेहरे ओळखू येऊ लागले.

पण ही युक्ती फोटोला तारते, अक्षराला नाही. अक्षराच्या कडेला ठिपके विखुरले तर ते आणखीच धूसर होते. इथे टंचाई सगळ्या लिप्यांना सारखी भोवली नाही. देवनागरीची शिरोरेघ आडवी. ती ठिपक्यांच्या एका ओळीत सरळ बसते. उर्दूची नस्तालीक मात्र उजवीकडून डावीकडे उतरत जाते. तिच्या प्रत्येक वळणाला पायऱ्या पडतात. शिवाय नुक्ते! ‘बानी’ म्हणजे संस्थापक, ‘पानी’ म्हणजे पाणी; लिहिताना फरक एवढाच की ‘बे’खाली एक नुक्ता आणि ‘पे’खाली तीन. बारीक अक्षरात तिन्ही चिकटले की शब्दच बदलतो.

यावर उपाय म्हणजे अक्षराच्या कडेला खरोखरच्या मधल्या छटा भरणे. विंडोज ९५ साठी १९९५ साली आलेल्या ‘प्लस!’ या जोडसंचात अक्षरे अशी गुळगुळीत करण्याची सोय होती. तोवर एक मेगाबाइट मेमरीची कार्डेही मिळू लागली होती आणि त्यांत ६५,५३६ रंग आरामात मावत.

म्हणून पडद्यावरच्या वाढलेल्या रंगांकडे केवळ सजावट म्हणून पाहता येत नाही. ज्या लिपीत एका ठिपक्याने अर्थ फिरतो, तिच्या वाचकासाठी त्या मधल्या छटा म्हणजे नीट वाचता येण्याची सोय होती.