‘चेकआउट’ : एका आज्ञेचा इतिहास

१/
‘गिट’ या साधनात ‘चेकआउट’ ही आज्ञा द्यावी, पुढे एक नाव लिहावे आणि दिवसभराचे काम नाहीसे व्हावे, असा अनुभव असंख्य प्रोग्रॅमरांनी घेतला आहे. संगणक चुकलेला नसतो. त्याने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते. दोष शब्दाच्या वाट्याला येतो, आणि तो शब्द गिटपेक्षा बराच जुना आहे.

२/
प्रोग्रॅममधील बदल क्रमाने जपणारे ‘एससीसीएस’ हे आरंभीचे साधन मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली बेल लॅब्समध्ये घडवले. त्याच्या आज्ञा होत्या ‘गेट’ आणि ‘डेल्टा’. पुढे १९८०च्या दशकारंभी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिखी यांचे ‘आरसीएस’ आले, त्यात ‘चेक-इन’ आणि ‘चेक-आउट’ होते. व्यवहार ग्रंथालयासारखाच! फाइल कुलूप लावून नेली, की ती परत येईपर्यंत इतरांचे बदल जमा होत नसत.

आणि एक शिष्टाचार होता. कोणी हात लावलेली प्रत जागेवर असेल, तर आरसीएस ती पुसण्यापूर्वी विचारत असे. नुसते एंटर दाबले, तर उत्तर ‘नाही’ धरले जाई.

३/
‘सीव्हीएस’ने शब्द ठेवला, पण कुलूप काढले. आता ‘चेकआउट’ म्हणजे संपूर्ण प्रकल्पाची प्रत घेणे.

४/
एप्रिल २००५. लिनक्स कर्नलसाठी वापरात असलेल्या ‘बिटकीपर’ची मोफत सवलत मागे घेतली गेली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी काही दिवसांतच गिट उभे केले. ध्यास वेगाचा होता. आतील यंत्रणेला ‘प्लंबिंग’ आणि वापरणाऱ्याला दिसणाऱ्या आज्ञांना ‘पोर्सेलिन’ म्हणत. म्हणजे आधी नळ, मग वॉशबेसिन. हे वॉशबेसिन तुकड्यातुकड्यांनी बसत गेले.

५/
त्यातच ‘चेकआउट’वर दोन कामे आली : दुसऱ्या शाखेवर जाणे आणि फाइल पूर्वस्थितीत आणणे. पहिल्या कामात गिट सावध असते. न नोंदवलेले बदल पुसले जाणार असतील, तर ते अडून बसते. दुसऱ्यात ते विचारतही नाही. ‘डॉक्स’ नावाची शाखा आहे असे समजून आज्ञा दिली, पण त्या नावाचा केवळ फोल्डर असला, तर त्यातील न नोंदवलेले बदल गेलेच. १९८२चा शिष्टाचार येथे हरवला होता.

६/
१६ ऑगस्ट २०१९ रोजी आलेल्या गिट २.२३ मध्ये या कामांची फाळणी झाली. शाखा बदलण्यासाठी ‘स्विच’, फाइल पूर्ववत करण्यासाठी ‘रिस्टोअर’. हे काम प्रामुख्याने न्गुयेन थाय न्गोक झुय या व्हिएतनामी प्रोग्रॅमरचे. ‘रिस्टोअर’ आजही विचारत नाही. मात्र फाइलींवर काय ओढवणार, हे त्याच्या नावातच आहे.

७/
जुने ‘चेकआउट’ मात्र काढता आले नाही. जगभरच्या असंख्य स्क्रिप्ट त्यावर विसंबलेल्या होत्या. उलट नव्या दोन आज्ञांच्याच माहितीपानांवर ‘प्रायोगिक’ हा शिक्का पुढे कित्येक वर्षे राहिला.