गारांस

गारांस हे फ्रान्समधील मुलींचे एक विरळ नाव. उच्चारताना दुसरा स्वर नाकातून निघतो आणि शेवटचा 'स' स्पष्ट ऐकू येतो. एका वनस्पतीचे, तिच्या मुळापासून मिळणाऱ्या गडद लाल रंगाचे आणि मुलीचे असे तिहेरी नाव फ्रेंच भाषेने या एका शब्दावर चालवले आहे. मारी, जान, कातरीन या नावांमागे ख्रिस्ती संतस्त्रिया उभ्या आहेत. गारांस नावाची संत मात्र कोणी नाही. हे नाव देवळातून आलेले नसून शेतातून आणि रंगाऱ्याच्या कढईतून आलेले आहे.

वनस्पतीचे शास्त्रीय नाव रुबिया टिंक्टोरम. भारतातील मंजिष्ठ ही तिची सख्खी बहीण. प्रजात एकच, जात वेगळी. सह्याद्रीच्या जंगलात चढणारी, आयुर्वेदात रक्तशुद्धीसाठी सांगितलेली मंजिष्ठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गारांस चटकन ओळखता येईल: खोडाभोवती वलयात फुटलेली पाने, अंगभर बारीक आकड्यांसारखे काटे आणि जमिनीखाली लालसर मुळांचे जाळे. मंजिष्ठेतील एका रंगद्रव्याला युरोपच्या रसायनशास्त्रज्ञांनी 'मुंजिस्टिन' म्हटले, ते आपल्याकडच्या नावावरूनच.

गारांस म्हणजे लाल फूल, असे नावांच्या अनेक पुस्तिकांत छापलेले आढळते. ते चूक आहे. या वनस्पतीचे फूल चिमुकले आणि पिवळट असते, कोणी वळून पाहावे असे त्यात काही नाही. लाली सगळी मुळात. रोप लावल्यावर साधारण तीन वर्षे थांबायचे, मग मुळे खणून वाळवायची, दळायची आणि तुरटी लावलेले कापड त्या भुकटीच्या पाण्यात उकळायचे, तेव्हा कुठे तो पक्का लाल चढतो. हा रंग किती मुरतो याचा एक विलक्षण पुरावा अठराव्या शतकात मिळाला. गारांस खाऊ घातलेल्या जनावरांची हाडे लाल होतात, हे ध्यानात घेऊन द्युआमेल द्यू मोंसो या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडे कशी वाढतात याचा अभ्यास केला.

शब्द जुना आहे. इसवी सन 800 च्या सुमारास सम्राट शार्लमेनच्या जहागिऱ्यांसाठी काढलेल्या एका फर्मानात, स्त्रियांच्या विणकामशाळांना काय काय पुरवायचे याची यादी आहे. तीत लोकर, निळीसाठी लागणारी वोड वनस्पती यांच्याबरोबर 'वारेन्तिया' आहे. ते या वनस्पतीचे मध्ययुगीन लॅटिन रूप. त्याआधीचे मूळ फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलीत असल्याचे व्युत्पत्तिकार मानतात. फ्रेंचमध्ये येताना आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला आणि गारांस हे रूप स्थिरावले.

शब्दाला खरा भाव आला तो दक्षिण फ्रान्समध्ये. अठराव्या शतकाच्या मध्यावर जाँ आल्तेन या आर्मेनियन माणसाने आव्हिन्याँच्या परिसरात या पिकाची लागवड रुजवली. आल्तेन 1774 मध्ये वारला. त्याच्या लागवडीचे मोल लोकांना पुढे कळले आणि त्या भागातील एका गावाने आल्तेन-दे-पाल्यू असे नाव घेतले. एकोणिसाव्या शतकात व्होक्ल्यूझ जिल्ह्यातील दलदलीची, एरवी कमी कसाची जमीन या मुळांनी सोन्याच्या भावाची केली. 1829 मध्ये दहाव्या चार्ल्स राजाच्या हुकमाने फ्रेंच पायदळाला गारांस रंगाच्या विजारी मिळाल्या. देशी शेतकऱ्याला कायमचे गिऱ्हाईक मिळावे, हाही त्यामागचा एक विचार होता.

मग रसायनशास्त्र आले. 1826 मध्ये पिएर-जाँ रोबिके आणि जाँ-जाक कोलँ यांनी मुळातील मुख्य रंगद्रव्य, अलिझरिन, वेगळे काढले होते. 1868 मध्ये कार्ल ग्रेबे आणि कार्ल लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी ते डांबरापासून मिळणाऱ्या अँथ्रासीनमधून प्रयोगशाळेत तयार केले. काही वर्षांतच कारखान्यातला रंग शेतातल्या रंगापेक्षा कितीतरी स्वस्त पडू लागला.

या धक्क्याची सर्वांत चटका लावणारी कथा जाँ-आंरी फाब्र यांची. कीटकांचे निरीक्षक म्हणून जगभर वाचले गेलेले फाब्र त्या काळी आव्हिन्याँच्या शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवत होते. संसार मोठा. शिक्षकीच्या जोखडातून सुटून कीटकांचा अभ्यास करता यावा, एवढ्यासाठी त्यांनी गारांसच्या भुकटीतून शुद्ध रंग काढण्याच्या रीती वर्षानुवर्षे शोधल्या, पेटंटेही घेतली. शिक्षणमंत्री व्हिक्तॉर द्यूर्वी भेटीला आले, तेव्हा फाब्र यांचे हात रंगाने लाल होते. 1868 मध्ये त्यांना लेजियाँ द'ऑनरचा सन्मान मिळाला, आणि त्याच सुमारास जर्मनीतील शोधाने त्यांची सारी मेहनत निरुपयोगी ठरवली. व्होक्ल्यूझच्या शेतकऱ्यांवर तर तिहेरी संकट कोसळले: द्राक्षवेलींना फायलॉक्सेराची कीड, रेशमाच्या अळ्यांना रोग आणि गारांसला गिऱ्हाईक नाही.

सैनिकांच्या विजारी मात्र लालच राहिल्या, आता जर्मन कारखान्यांच्या कृत्रिम अलिझरिनने रंगवलेल्या. दूरवर मारा करणाऱ्या बंदुकांच्या काळात हा रंग म्हणजे नेमबाजाला आयते आमंत्रण, हे अनेकांना दिसत होते. तरी एजेन एतियेनसारखे नेते लाल विजार म्हणजेच फ्रान्स, अशा आशयाने आड आले. बदलाचा कायदा जुलै 1914 मध्ये झाला आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. पहिल्या महिन्यांत हजारो फ्रेंच तरुण लाल विजारींतच मेले. नव्या कापडात निळे, पांढरे आणि लाल धागे एकत्र विणायचे ठरले होते, पण लाल रंग जर्मनीहून यायचा तो थांबला. लाल धागा वगळला गेला आणि 'क्षितिजनिळा' गणवेश तयार झाला.

इथवर गारांस हे पीक होते, रंग होता, गणवेश होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील प्रजासत्ताकाच्या पंचांगात संतांच्या जागी वनस्पती, प्राणी आणि अवजारे बसवली गेली होती, त्यात ब्रूमेर महिन्याचा 23 वा दिवस, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य, गारांसला दिलेला होता. पण त्यावरून लेकींची नावे ठेवण्याची प्रथा पडली नाही.

ते काम एका चित्रपटाने केले. मार्सेल कार्ने यांनी दिग्दर्शित केलेला आणि कवी जाक प्रेव्हेर यांनी लिहिलेला 'ले आंफां द्यू पारादी' मार्च 1945 मध्ये पॅरिसमध्ये झळकला. तीन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटाचे चित्रीकरण जर्मन ताब्यातील फ्रान्समध्ये झाले. नेपथ्यकार अलेक्सांद्र त्रोनर आणि संगीतकार जोझेफ कोस्मा हे दोघे ज्यू असल्याने लपूनछपून काम करत होते. नायिका गारांस, भूमिका आर्लेती यांची. एक मूकनट, एक रंगभूमीवरचा तारा, एक खुनी आणि एक सरदार असे चार पुरुष तिच्यावर जीव टाकतात आणि ती कोणाचीही मालमत्ता होत नाही. तिचे खरे नाव क्लेर. गारांस हे लोकांत रूढ झालेले. ते एका फुलाचे नाव असल्याचे ती स्वतः सांगते, आणि फुलाचा गैरसमज बहुधा तिथूनच पक्का झाला. कथानकाचा काळ प्रेव्हेर यांनी अचूक साधला आहे. 1820 च्या दशकाच्या अखेरीपासूनची ती वर्षे, म्हणजे व्होक्ल्यूझची शेते आणि सैन्याच्या विजारी लालीने भरात असलेला काळ.

चित्रपट गाजला तरी नाव लगेच पसरले नाही, याचे मोठे कारण कायदा. 1803 च्या कायद्याने मुलांना पंचांगातील किंवा प्राचीन इतिहासातील नावेच देता येत, आणि नोंदणी अधिकाऱ्याला नाव नाकारण्याचा हक्क होता. 1966 मध्ये नियम सैल झाले, जानेवारी 1993 च्या कायद्याने निवड आईबापांकडे आली. आता नाव बाळाच्या हिताविरुद्ध वाटले तर अधिकारी सरकारी वकिलाला कळवतो.

फ्रान्सची सांख्यिकी संस्था इन्से 1900 पासूनच्या नावांची मोजदाद प्रसिद्ध करते. फारच थोड्या वेळा ठेवलेली नावे 'दुर्मीळ' या एकाच गटात ढकलली जातात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गारांस जवळजवळ दिसतच नाही. 1990 नंतर चढ सुरू होतो, आणि 2010 नंतरच्या दशकात दरवर्षी काही शे मुलींना हे नाव मिळते. एमा किंवा लुईझ या नावांच्या मुली वर्षाला हजारोंनी जन्मत असताना हा आकडा लहानच आहे. वर्गात दुसरी गारांस सापडण्याची शक्यता कमी आणि नाव मात्र ऐकताक्षणी फ्रेंच वाटावे, हे ज्यांना हवे असते ते पालक याकडे वळतात. काप्युसीन, प्र्यून, व्हायोलेत या वनस्पतिनामांना आलेला बहरही त्याच काळातला.

नाव धारण करणाऱ्यांत 2016 च्या 'ग्राव्ह' या चित्रपटाची नायिका गारांस मारिये आणि 2009 च्या 'ल एरिसों'मधील बालकलाकार गारांस ल गिएर्मिक यांचा उल्लेख करावा लागेल. गारांस दोरे या फॅशन-लेखिकेने जन्मनाव मारिलीन बाजूला ठेवून हे नाव स्वतः निवडले. चित्रपटातल्या क्लेरचेही खरे नाव असेच मागे पडले होते.

फ्रेंच भाषकांच्या बाहेर हे नाव क्वचितच आढळते.