ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि पाँपेईची ‘लक्ष्मी’

भारतीय संस्कृतीचा जगावरील प्रभाव हा विषय वर्गात निघाला की एक ठरलेली यादी पुढे येते : शून्य, योग, बुद्ध, पंचतंत्र. यादी खोटी नाही. परंतु तिच्यात देणारा एकच आणि बाकी सारे घेणारे, अशी जी मांडणी नकळत शिरते ती आम्हांस खटकते. आणि कोल्हापुरात राहून अध्यापन करणाऱ्यांना ती खटकावयासच हवी.

पंचगंगेच्या काठावरील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1944-45 मध्ये प्रा. कुंदणगार यांच्या पुढाकाराने खोदकाम झाले. पुढे 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनकालीन वस्तीच्या अवशेषांबरोबर येथे ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा संचय हाती लागला. त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची वीतभराहूनही लहान अशी मूर्ती होती. ती आज टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे. समुद्रापासून सह्याद्रीच्या भिंतीने तोडलेल्या गावात हा समुद्रदेव कोणी, कशासाठी आणला? पूजेसाठी, की दुर्मीळ वस्तू जमवण्याच्या हौसेपोटी? मूर्ती याचे उत्तर देत नाही. एवढे मात्र दिसते की त्याच संचयातील बहुतेक वस्तू एतद्देशीय घडणीच्या आहेत. हत्तीवर बसलेल्या स्वारांचे ब्राँझशिल्प पाहावे. ते घडवणारा कारागीर कोणत्याही रोमन ओतकामापुढे संकोचून उभा राहिला नसता. देशी आणि परदेशी वस्तू एकाच ठिकाणी सांभाळून ठेवणारा जो कोणी होता, त्याला आमच्या यादीतील ‘देणारा’ आणि ‘घेणारा’ हा भेद बहुधा कळलाच नसता.

या देवाणघेवाणीमागे अर्थातच व्यापार होता. पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणहून अकीकाचे दगड आणि तगर म्हणजे तेर येथून कापड गाड्यांवर लादून भडोचला नेले जाई, असा उल्लेख आहे. भारत दरवर्षी साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स शोषून घेतो, ही प्लिनीची तक्रार सुप्रसिद्धच आहे.

गेलेल्या वस्तूंतील सर्वांत बोलकी म्हणजे 1938 मध्ये पाँपेई येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली ते नगर गडप झाले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीची. तिला ‘लक्ष्मी’ म्हणण्याचा प्रघात पडला. पण तिच्या हाती कमळ नाही, बाजूंना अभिषेक करणारे गज नाहीत. पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळाल्याने ती आपल्या मुलखातून गेली, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो, कारण तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतील अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी. मूर्ती दख्खनमध्ये घडून वायव्येच्या वाटेने गेली की मुळात तिकडेच घडली, हा प्रश्न मोकळा ठेवणेच प्रामाणिकपणाचे. देवी म्हणून ती रोमन घरात गेली, असे तर मुळीच म्हणता येत नाही. ती तेथे देखणी वस्तू म्हणून गेली असावी, जसा पोसायडन येथे आला असावा.

कोल्हापूरच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आहे. ब्रह्मपुरीत विळिवायकुर, शिवलकुर अशी नावे असलेली धनुष्यबाणाच्या छापाची नाणी मिळाली. दुसऱ्या शतकात टॉलेमीने आपल्या भूगोलात हिप्पोकूरा ही ‘बालेओकूरोस’ची राजधानी म्हणून नोंदवली. हे नाव विळिवायकुराचेच ग्रीक रूप मानले जाते. हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूरच, हे मात्र सर्वमान्य नाही.

आम्हां भाषेच्या लोकांना याहून अधिक रस शब्दांत. पिप्पली ग्रीकमध्ये ‘पेपेरि’ झाली, कर्पास ‘कार्पासोस’ झाला. साखरेची गोष्ट तर विशेष. ग्रीक ‘साक्खरोन’ हे संस्कृत ‘शर्करा’पेक्षा प्राकृत ‘सक्खरा’ला जवळचे आहे, म्हणजे हा शब्द पंडितांच्या नव्हे, व्यापाऱ्यांच्या तोंडून गेला, आणि मराठी ‘साखर’ ही त्याची सख्खी बहीण ठरते. संस्कृतचा विश्वसंचार सांगताना प्राकृताचे हे श्रेय आपण सहज विसरतो. मराठीच्या अध्यापकांनी तरी विसरू नये.

उलट दिशेने आलेले शब्दही थोडे नाहीत. पंचांगातला ‘होरा’ ग्रीक, ‘दीनार’ रोमन ‘डेनारियस’वरून, ‘सुरुंग’ हा ग्रीक ‘सिरिंक्स’वरून आला असे अभ्यासक मानतात, आणि ज्योतिषामार्गे रुळलेला ‘केंद्र’ म्हणजे ग्रीक ‘केंत्रोन’. भारताने जगाला काय दिले, यावरचा निबंध आमचे विद्यार्थी परीक्षा केंद्रातच बसून लिहितात! प्राचीनांना मात्र या उसनवारीचा संकोच नव्हता. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत यवन म्लेंच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी आहे म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूजिले जातात, असा अभिप्राय नोंदवून ठेवला आहे.